माणशी नेट: चौघांच्या फ्लॅटमधल्या केक सेटिंगची नोंद

आधी सध्याची मांडणी. कोथरूडचा टू-बीएचके, चौघे रूममेट, १०० एमबीपीएसची फायबर लाइन, बिल चौघांत सारखं. राउटर एमटी७६२१ चिपचा, सेकंडहँड घेतलेला, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त लिनक्स प्रणाली). त्यातलं एसक्यूएम (पॅकेटांची रांग आटोक्यात ठेवणारी सोय, आतलं काम करतो ‘केक’) बरेच महिने सुरळीत चालू आहे. कुणी कितीही मोठं डाउनलोड लावलं तरी बाकीच्यांचे व्हिडिओ कॉल अडखळत नाहीत. म्हणजे बफरब्लोटचा (लाइन भरली की सगळ्यांचंच नेट रेंगाळण्याचा) प्रश्न आमच्यापुरता मिटलाय. गाडी अडली होती ती वाटणीवर: कुणाला किती नेट.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. लाइन भरली की पॅकेटं कुठेतरी साठतात, रांग लांबते आणि पिंग (पॅकेट जाऊन यायचा वेळ) शेकडो मिलिसेकंदांवर जातो. त्यावर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही रांग आखूड ठेवायची पद्धत मांडली. कनेक्शनं वेगवेगळ्या रांगांत लावणारं एफक्यू-कोडेल २०१८ मध्ये आरएफसी ८२९० (इंटरनेटचा तांत्रिक दस्तऐवज) म्हणून प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी त्याच वळणाचा केक लिनक्सच्या ४.१९ कर्नलमध्ये आला. लाइनच्या वेगापेक्षा किंचित कमी आकडा द्यायचा (माझ्याकडे ९२), म्हणजे रांग पुढच्या, नेट कंपनीच्या डब्यात न लागता आपल्याच राउटरमध्ये लागते आणि तिथे आपलं राज्य. हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग (पॅकेटं चिपनेच परस्पर पुढे ढकलायची सोय) मात्र बंदच ठेवायचं, नाहीतर पॅकेटं केकला वळसा घालून निघून जातात आणि आपण उगाच सेटिंग कुरवाळत बसतो.

वाटणीचा पहिला टप्पा सोपा होता. नुसती फ्लोप्रमाणे (कनेक्शनमागे एक वाटा) वाटणी केली तर पन्नास कनेक्शनं उघडणारा टॉरंट आणि एकच कनेक्शन असलेलं डाउनलोड यांत टॉरंटवाला पन्नास वाटे उचलतो. म्हणून डाउनलोडच्या बाजूला ‘नॅट ड्युअल-डीएसटीहोस्ट इन्ग्रेस’ आणि अपलोडच्या बाजूला ‘नॅट ड्युअल-एसआरसीहोस्ट’ हे शब्द टाकले. लुसीमध्ये (ओपनडब्ल्यूआरटीचं ब्राउझरमधलं सेटिंगचं पान) ते टाकायची जागा ‘डेंजरस कॉन्फिगरेशन’च्या चौकोनामागे दडवलीय. घाबरायचं कारण नाही. घरातले पत्ते राउटरच्या एकाच बाहेरच्या पत्त्यामागे झाकलेले असतात, ते उलगडून बघ असं ‘नॅट’ हा शब्द सांगतो. तो विसरला तर केकला घरातली सगळी डिव्हाइसं एकाच पत्त्याची दिसतात आणि बाकी शब्दांना काही अर्थ उरत नाही.

यानंतर वाटणी डिव्हाइसवारी झाली. बहुतेक लोक इथेच थांबतात. आमच्याकडेही चाललं असतं, पण सीएचा अभ्यास करणाऱ्या रूममेटने एका रात्री चहा ठेवता ठेवता सरळ विचारलं, “अरे, बिल चौघांत सारखं, मग नेट का नाही?” त्याच्याकडे एक लॅपटॉप. गेमिंगवाल्याकडे पीसी, फोन आणि टॅबलेट, आणि तिन्हींवर एकाच वेळी काहीतरी उतरत असतं. हिशेब मांडून बघा: दोघंच नेट ओढत असतील तरी ९२ मधले ६९ एकाला, २३ दुसऱ्याला. पंगतीत एकाने तीन पानं मांडली म्हणून तिन्ही पानांवर वाढायचं का?

त्यात आयपीव्ही६ची (पत्त्यांची नवी पद्धत, जुनी ती व्ही४) भर. फोन आणि लॅपटॉप एका वेळी दोन-तीन व्ही६ पत्ते बाळगतात, शिवाय व्ही४चा एक वेगळा. केक पत्ता बघतो, त्यामुळे एकच फोन कधी एक होस्ट (म्हणजे एक वाटेकरी) असतो, कधी दोन. डिव्हाइसवारी म्हटलं तरी ती वाटणी खरी पत्तावारीच आहे.

माणूस ओळखायचा कसा? मॅक पत्त्यांची (डिव्हाइसच्या नेटवर्क चिपचा क्रमांक) यादी करणं मी विचारातही घेतलं नाही. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला बनावट मॅक दाखवतात. कुणी नेटवर्क ‘फर्गेट’ केलं, फोन रीसेट केला, की यादी शिळी होण्याची टांगती तलवार. चौघांना चार एसएसआयडी (वायफायची नावं) देता येतात, पण प्रत्येक एसएसआयडीचे बीकन (‘मी इथे आहे’ अशा सततच्या हाका) हवेतला वेळ खातात, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर आधीच आठवडी बाजार भरलेला असतो.

शेवटी जमलं ते असं: एसएसआयडी एकच, पासवर्ड चार. ओपनडब्ल्यूआरटीच्या वायरलेस फाइलमध्ये ‘वायफाय-स्टेशन’ या विभागात प्रत्येक पासवर्डला व्हीलॅन (त्याच राउटरमधलं वेगळं आभासी नेटवर्क) क्रमांक देता येतो. ज्याचा पासवर्ड, त्याचा व्हीलॅन, त्याचं सबनेट (पत्त्यांचा वेगळा गट). नवा फोन आला तरी मला काही करावं लागत नाही. गेमरचा पीसी केबलवर आहे, तो पोर्टही त्याच्याच व्हीलॅनमध्ये.

आता हे केकला कळवायचं. त्याच्या मॅन पेजमध्ये (लिनक्सच्या माहितीपानात) तळाशी एक सोय दिलीय: टीसी (लिनक्सचं ट्रॅफिक आवरायचं साधन) फिल्टरने क्लासआयडी (मेजर आणि मायनर अशा दोन आकड्यांची खूण) दिला तर त्यातला मेजर आकडा केक होस्टची ओळख म्हणून धरतो, पत्ता बघतच नाही. मग एनएफटेबल्समध्ये (लिनक्सची फायरवॉल) नियम लिहिला, की अमुक ब्रिजवरून आलेल्या कनेक्शनला सीटी मार्क (कनेक्शनवरचा शिक्का) १, तमुकला २, असं ४ पर्यंत. मार्क बघून क्लासआयडी द्यायचं काम टीसी फिल्टरचं. अपलोडला तेवढं पुरतं. डाउनलोड जरा चावट आहे. तिथे पॅकेट आयएफबीवर (आत येणारं ट्रॅफिक केकमधून न्यायचा आभासी इंटरफेस) वळतं तेव्हा एनएफटेबल्सपर्यंत पोचलेलंच नसतं, त्यामुळे अंगावर मार्क नसतो. वळवण्याआधी ‘सीटीइन्फो’ ही टीसी ॲक्शन लावली की कनेक्शनवरचा मार्क पॅकेटवर उतरतो. यासाठी ‘पीस ऑफ केक’ या तयार स्क्रिप्टची प्रत काढून तिच्यातली इन्ग्रेसची ओळ बदलली. व्ही६चा घोळही यातच सुटला, कारण कनेक्शन व्ही४चं असो वा व्ही६चं, मार्क माणसाचाच.

चाचणी रविवारी दुपारी घेतली. एका पासवर्डवर पीसी, फोन, टॅबलेट. दुसऱ्यावर एकटा लॅपटॉप. सगळीकडे लिनक्सच्या आयएसओ फाइली लावल्या. लॅपटॉपचा आकडा वीसच्या घरातून चढत पंचेचाळीसच्या आसपास येऊन बसला. पीसीवरचं डाउनलोड थांबवलं तरी लॅपटॉपवाला जागचा हलला नाही, फोन आणि टॅबलेट फुगले. मग लॅपटॉप बंद केला, तर त्या दोघांनी मिळून जवळजवळ पूर्ण ९२ घेतले. हवं होतं ते हेच: कुणावर कायमची मर्यादा नाही, ओढाताण होईल तेव्हाच समान वाटा.

गेमरने साहजिकच प्राधान्य मागितलं. दिलं नाही. गेमची पॅकेटं लहान आणि विरळ असतात, केक त्यांना तसंही पुढे सोडतो. स्वतःच्या डाउनलोडमुळेसुद्धा त्याचा गेम अडत नाही, हे त्याला पिंगचा आलेख दाखवल्यावर पटलं.

अजून लटकलेल्या गोष्टी. हॉलमधला टीव्ही कुणाचा? सध्या त्याला मार्क ५ दिलाय, म्हणजे टीव्ही पाचवा रूममेट, आणि सीएवाल्याचा याला आक्षेप आहे, कारण तो टीव्ही बघत नाही. सबनेट वेगळे झाल्यामुळे फोनवरून कास्ट करणं बंद पडलं होतं. अवाहीचा रिफ्लेक्टर (डिव्हाइस शोधायच्या हाका दुसऱ्या सबनेटमध्ये पोचवणारा) आणि फायरवॉलचा एक नियम यांवर ते परत आलं, प्रिंटर मात्र अजून फक्त माझ्याच व्हीलॅनमधून दिसतो. आणि मागच्या बेडरूममधला लॅपटॉप भिंतीआडून रडतखडत जोडलेला असतो, तो हवेतला वेळ खातो आणि त्यावर वॅनच्या (बाहेरच्या लाइनच्या) बाजूच्या केकचं काही चालत नाही. तिथे केबल ओढायची की दुसरा ॲक्सेस पॉइंट लावायचा हे घरमालकांच्या ड्रिलला होकार-नकारावर आहे. कुणी भिंत न फोडता सपाट केबल दाराच्या चौकटीतून नेली असेल तर कुठली घेतली ते सांगा.