ईसीजी नॉर्मल आला, पण कामाचं काय?

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला व्हॉल्व्हचे सुटे भाग करणारा कारखाना, सेकंड शिफ्ट. फायनल इन्स्पेक्शनच्या, म्हणजे तयार मालाच्या शेवटच्या तपासणीच्या टेबलावरच्या भाऊंना दोघांनी धरून कारखान्याच्या दवाखान्यात माझ्याकडे आणलं. छातीवर दाब, घाम, ओठांना मुंग्या, हाताची बोटं आखडलेली. हेल्परने तोंडाला लावायला कुठून तरी कागदी पिशवीही पैदा केली होती.

ती पिशवी मी आधी बाजूला ठेवली. भरभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि बोटं आखडतात, हे खरं. पण दुखणं हृदयाचं किंवा दम्याचं निघालं, तर पिशवीतला श्वास ऑक्सिजन आणखी खाली नेतो. नाडी १२४, बीपी १५०/९६, ऑक्सिजन ९९, साखर ११२, ईसीजी नॉर्मल. नाकाने चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं करत अर्ध्या तासात सगळं उतरलं. पॅनिकचा झटका असाच असतो, दहाएक मिनिटांत शिगेला जातो आणि मग ओसरतो. तरीही ॲम्ब्युलन्सने पाठवलंच, कारण एका नॉर्मल ईसीजीवरून हार्ट अटॅक नाही असं म्हणता येत नाही. हॉस्पिटलात काही तासांच्या अंतराने दोनदा ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी झाली, नंतर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. सगळं ठीक.

बहुतेक ठिकाणी इथे "गॅस असेल" म्हणून विषय मिटतो. या टेबलावर मात्र खुणा आधीपासून दिसत होत्या. एकाच बोअरचं (भागातल्या भोकाचं) माप चार-चार वेळा घेणं, चांगले पीसही शंका म्हणून होल्डच्या ट्रेत टाकणं, डबा तसाच घरी नेणं. सुपरवायझरच्या वहीत याची नोंद होती, "हात मंद झालाय" अशी. सोबतचा इन्स्पेक्टर नोकरी सोडून गेला होता, शिफ्ट दर आठवड्याला बदलत होती, आणि रिजेक्शनचे आकडे फळ्यावर माणसाच्या नावापुढे लिहिले जात होते.

दोन दिवसांनी बोलणं झालं ते दार लावून, मॅनेजरशिवाय. पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची यादी गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, एकूण गुण २७. दहा किंवा जास्त आले तर गंभीरपणे घ्यायचं. भाऊंचे १६ आले. त्यावरून निदान होत नाही, पण पुढे कुणाकडे आणि किती लवकर पाठवायचं ते ठरतं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे त्यांनी "काही दिवस" ही खूण केली होती, म्हणून सरळच विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का? कसा, ते ठरवलंय का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. ते म्हणाले, "ठरवलं काही नाही साहेब. सकाळी जाग येऊ नये एवढंच वाटतं." बेत ठरलेला असता तर क्षणभरही एकटं न सोडता त्याच दिवशी सयाजी हॉस्पिटल. तसं नव्हतं, म्हणून त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली, त्यांच्या संमतीने वहिनींना कल्पना दिली, आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दोघांच्या फोनमध्ये घातला.

रजेच्या पैशांचं कोडं ईएसआयने, म्हणजे कामगार विमा योजनेने सोडवलं. पगार २१ हजारांच्या आत असल्याने त्यांचं कार्ड होतं. आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. सर्टिफिकेट मात्र ईएसआयच्याच डॉक्टरांचं लागतं, खाजगी चिठ्ठीवर लोक अडकतात.

परतले तेव्हा कागदावर एकच शब्द होता, "फिट". एचआरला तो पुरतो, शिफ्ट लावणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. मग भाऊंची संमती घेऊन तज्ज्ञांकडून वेगळं पान मागवलं. आजाराचं नाव नको, फक्त काय करता येईल, काय नाही आणि किती दिवस. पहिले दोन आठवडे अर्धा दिवस. आठ आठवडे फर्स्ट शिफ्ट, नाइट अजिबात नाही, कारण झोप मोडली की सुधारणाही मोडते. फायनलऐवजी इनकमिंग इन्स्पेक्शन, म्हणजे बाहेरून आलेल्या मालाची तपासणी, एकट्याची सही नको. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी रेंगाळते, म्हणून ग्राइंडर, क्रेन आणि स्वतःची दुचाकी बंद. हे पान एचआरकडे गेलं. आजाराची फाइल दवाखान्याच्या कपाटातच राहिली.

गाडं अडलं तिसऱ्या आठवड्यात. महिनाअखेर, डिस्पॅच अडकलेला, आणि सुपरवायझरने भाऊंना ओव्हरटाइमला बसवलं. "साहेब, दोनच दिवस." माणूस वाईट नव्हता, पान एचआरच्या फाइलमध्ये आणि शिफ्टचा चार्ट त्याच्या खिशात, एवढंच. दुसऱ्या रात्री पुन्हा धडधड, आणि फ्लोअरवर लगेच कुजबुज, "करेलीबागेतच दाखवा आता," म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात. त्यानंतर पानाची प्रत चार्टला पिन केली, आणि बदल फक्त प्लांट हेड करतील, तोही मला विचारून, असं त्यावर लिहिलं.

त्याच सुमारास "गोळ्यांनीच बिघडलाय" हेही ऐकू आलं. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे जातात, आणि सुरुवातीला मळमळ, अस्वस्थता वाढूही शकते. नेमकं तेव्हाच लोक गोळ्या सोडतात. सोडण्याची दुसरी खेप येते बरं वाटल्यावर. खरं तर त्यानंतरही निदान सहा महिने चालू ठेवायच्या आणि थांबवताना डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करायच्या. वहिनींना हे आधीच सांगितलं होतं, म्हणून निभावलं.

फळ्यावरची नावं काढायला मात्र सगळ्यात जास्त वाद झाला. "मग जबाबदारी कुणाची?" हा प्लांट हेडचा प्रश्न अगदीच गैर नव्हता. शेवटी रिजेक्शन मशीनवार आणि कारणवार लिहायचं ठरलं. तेव्हा दिसलं की बरेचसे पीस एकाच लेथच्या झिजलेल्या जॉमुळे (पीस पकडणाऱ्या जबड्यांमुळे) रिजेक्ट होत होते. जॉ बदलले. दुसऱ्या इन्स्पेक्टरची मागणी अजून सहीसाठी पडून आहे.