थंडीतली रम आणि नाशिकची शेनिन

कसारा घाट चढून इगतपुरी आली की मी गाडीची काच खाली करतो. कोरडा गारवा आत आला म्हणजे नाशिक जवळ आलं. नव्वदच्या दशकात सातपूरच्या एमआयडीसीत नोकरीला होतो, तेव्हापासूनची ही सवय. यंदा फेब्रुवारीत गेलो ते द्राक्षतोडणी बघायला आणि जुन्या मित्राबरोबर निवांत बसायला.

तेव्हा बैठक म्हणजे ओल्ड मंक. सेकंड शिफ्ट संपवून खोलीवर जमलेली आम्ही पोरं, बाहेर डिसेंबरची थंडी, रममध्ये कोमट पाणी आणि लिंबाची फोड. चकण्याला कांदा कालवलेला चिवडा, उकडलेल्या शेंगा. कुणी कोला आणला की मी ग्लासवर हात ठेवायचो. जळक्या साखरेची, किंचित व्हॅनिलाकडे झुकणारी ती चव कोल्यात बुडवणं मला तेव्हाही सहन होत नव्हतं, आजही होत नाही. व्हिस्कीशी माझं कधी जमलं नाही. बिअर उन्हाळ्यापुरती.

वाईनचा विषयच नव्हता. द्राक्षं भोवताली उदंड, पण ती खायची, बिनबियांची थॉमसन. पिंपळगाव, ओझर, दिंडोरीकडून पेट्या भरभरून बाहेर जायच्या. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला या वाईन कंपनीची वाईनच्या द्राक्षांची लागवड 1997 च्या सुमारास झाली, पहिली वाईन 2000 साली आली. तोवर माझी बदली झाली होती.

म्हणून या वेळी बागेत रेंगाळलो. वाईनच्या द्राक्षाचे मणी लहान, साल जाड, आत बिया. खायला घेतलं तर पहिल्या घासाला गोड लागतं आणि मग दातांत बी येतं. आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमारास नव्या फांद्यांसाठी खरड छाटणी, पावसाळा ओसरताना फळासाठी गोडी छाटणी. त्यामुळे युरोपात सप्टेंबरच्या आसपास होणारी तोडणी इथे जानेवारी ते मार्चमध्ये येते. तोडणारे पहाटेच कामाला लागतात, कारण ऊन चढलं की मणी तापतात आणि वास उडायला लागतो. पुढे पांढऱ्या वाईनचा रस थंड ठेवलेल्या स्टीलच्या टाक्यांत सावकाश आंबवतात, तेही तो वास जपायलाच. एवढी काळजी चाखताना कळते.

सोविन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाईनला कापलेल्या गवताचा, हिरव्या मिरचीचा वास येतो. ती मला आवडली. पण जीव जडला तो दुसऱ्या पांढऱ्या वाईनवर, शेनिन ब्लाँवर. पिकलेला पेरू, मागून जरासा आंबटपणा, आणि गार असेल तर दुपारच्या उन्हात तिच्यासारखं दुसरं काही नाही. सकाळच्या तर्रीदार मिसळीचा जाळ अजून जिभेवर होता, तोही तिनं शांत केला.

“रम सोडलीस का रे?” मित्रानं विचारलं.

“सोडीन कशी? थंडीत तीच. पण नाशिकच्या मातीतलं काही प्यायचं तर हे.”

त्याला पटलं नाही. त्याच्या मते पांढरी वाईन पाहुण्यांसाठी असते, जेवायला बसायचं तर लाल वाईन, शिराझ. रात्री काळ्या मसाल्याचं मटण आलं तेव्हा त्यानं तीच मागवली. मी हट्टानं शेनिनच घेतली, पण त्या रश्श्यापुढे ती पार फिकी पडली. शिराझच्या अंगचा मिरीसारखा तिखटपणा मसाल्याला बरोबर भिडत होता. दुसरा ग्लास मीही शिराझचाच भरून घेतला.