१.१९७७ की १.१८८?

शनिवारी पहाटे लॅपटॉपचा पंखा गप्प झाला, तेव्हाच कळलं की रन संपला. गुरुत्वीय लहरींचा सिग्नल १७ ऑगस्ट २०१७ चा, दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले तो; त्यावरून ताऱ्यांची वस्तुमानं काढत होतो. लायगो या लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचा डेटा खुला, त्यावर गणित करणारं बिल्बी सॉफ्टवेअर फुकट, आणि रिलेटिव्ह बिनिंग या गणित आटोपशीर करणाऱ्या युक्तीमुळे माझ्या जुन्या मशीनलाही हे झेपतं.

चर्प मास, म्हणजे दोन्ही ताऱ्यांच्या वस्तुमानांतून बनणारा एकच आकडा, आला १.१९७७ सूर्यवस्तुमान. लायगोच्या मूळ शोधनिबंधात १.१८८. फरक टक्काभरसुद्धा नाही, दुसरा कुठला आकडा असता तर सोडून दिला असता. पण हा तिसऱ्या दशांशापर्यंत पक्का असतो. सिग्नल सुमारे १०० सेकंद ऐकू येत होता, त्यात ३००० च्या आसपास आवर्तनं, आणि वारंवारता किती भरभर चढते हे मुख्यतः चर्प मासवर ठरतं. तो जरा चुकला तरी शेवटाकडे येईतो टेम्प्लेट, म्हणजे गणितानं काढलेला नमुना सिग्नल, ताल सोडतो.

म्हणून दुपारपर्यंत बग शोधला. लायगोच्या लिव्हिंगस्टन इथल्या उपकरणाच्या डेटात विलीनीकरणाच्या १.१ सेकंद आधी मोठा ग्लिच, म्हणजे उपकरणातला खरखराट, आहे. तो काढलेलीच फाइल घेतली होती ना? घेतली होती.

बग नव्हताच. हे तारे जिथले, ती एनजीसी ४९९३ दीर्घिका आपल्यापासून दूर जातेय, त्यामुळे लाट ताणली जाते आणि इथे बसून तारे आहेत त्याहून जरा जड वाटतात. १ अधिक रेडशिफ्ट (लाट किती ताणली गेली याचं माप) यानं भागायचं राहिलं होतं. दहादा वाचलेली गोष्ट!

मग दोन ताऱ्यांची वेगवेगळी वस्तुमानं काढून आलेखावर मांडली. चहा ठेवता ठेवता आई स्क्रीनकडे बघून म्हणाली, "ही चंद्रकोर कसली रे?" खरंच कोरच होती. एका टोकाला दोन्ही तारे १.३६ च्या आसपास, दुसऱ्या टोकाला १.६० आणि १.१७. चर्प मास दोन्हीकडे तोच.

त्यात स्पिनची, म्हणजे तारे स्वतःभोवती किती वेगानं फिरतात त्याची, भानगड. वस्तुमानांचं गुणोत्तर आणि स्पिन सिग्नलवर जवळपास सारखाच परिणाम करतात. स्पिन ०.०५ च्या आत धरला तर कोर एवढीच. तो ०.८९ पर्यंत मोकळा सोडला तर शोधनिबंधातली वस्तुमानं ०.८६ ते २.२६ पर्यंत पसरतात. डेटा तोच, बदलते ती प्रायरची, म्हणजे आधीच धरलेल्या गृहीतकाची, एक ओळ. स्पिन किती धरला हे न सांगता कुणी वस्तुमान सांगितलं, की मला आता चीड येते.

मोकळ्या स्पिनचा रन रात्री लावलाय. पंख्याच्या आवाजानं झोप लागत नाही म्हणून आईनं लॅपटॉप स्वयंपाकघरात हलवायला लावला.