पद्मिनीचं काम, भाग ४: इंजिन आधी, मागचा ॲक्सल नंतर

बाबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आता चार स्टँडवर उभी आहे. पोटात इंजिन नाही आणि मागे ॲक्सलही नाही. कोल्हापुरातल्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात सलग तीन शनिवार-रविवार घालवून हे झालं. घरी असं काम काढणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. त्यातही क्रमाबद्दल जास्त, कारण सगळा धोका क्रमातच आहे.

पद्मिनी म्हणजे मुळात १९६४ साली भारतात आलेली फियाट ११०० डिलाइट. चार सिलिंडर, १०८९ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिलिमीटर. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, मागे अखंड ॲक्सल आणि त्याखाली पाटे, म्हणजे पोलादी पानांच्या स्प्रिंगा. आजच्या गाड्यांसारखी मागची सबफ्रेम, म्हणजे सस्पेन्शन धरणारी वेगळी चौकट, हिला नाही. वेगळी चासीही नाही, बॉडी हीच चासी. म्हणून पत्रा कुठे गंजलाय हे बघितल्याशिवाय हिच्याखाली स्टँड लावायचा नाही. मी पहिला अख्खा दिवस गाडीखाली टॉर्च आणि छोटी हातोडी घेऊन घालवला. चांगला पत्रा टणक वाजतो, गंजलेला बद्द वाजतो. डाव्या बाजूला दाराखालच्या पेटीत बद्द आवाज आला आणि स्क्रूड्रायव्हर दाबल्यावर तो आरपार गेला. तिथे स्टँड लावला असता तर गाडी त्याच्यावर बसली नसती, तो गाडीत घुसला असता.

जमिनीचीही तीच परीक्षा घेतली. अंगणात शहाबादी फरशी आहे. ठोकून पाहिलं तर चार फरश्या पोकळ वाजल्या, खालची माती बसली होती. त्या उचलल्या, मुरूम भरून धुमसला आणि वर १८ मिलिमीटरच्या प्लायचे दोन-दोन थर टाकले. सिमेंटचे ब्लॉक वापरू नका, विटाही नकोत. ते न वाकता, कसलीही सूचना न देता एकदम फुटतात. जॅक हे उचलायचं साधन आहे, धरून ठेवायचं नाही.

इंजिन आधी की ॲक्सल आधी, यावर आमच्यात बराच वाद झाला. गल्लीतल्या जुन्या मेकॅनिक काकांचं म्हणणं, एकदाच स्टँडवर घ्या आणि सगळं उतरवा. मी ऐकलं नाही. आमच्याकडे चाकांवर फिरणारी क्रेन नव्हती, तिपाई होती. तिपाई हलवता येत नाही, म्हणजे इंजिन वर उचललं की गाडीच खालून सरकवावी लागते. त्यासाठी गाडी चारही चाकांवर हवी. म्हणून इंजिन आधी.

तिपाई आणली विहिरीतल्या मोटारी काढणाऱ्या मामांकडून. आपल्याकडे गावोगावी ती असते, तीन जाड पाइप आणि वर कडी. तिला एक टनाची चेन कप्पी लावली. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून वजन त्याच्या कितीतरी आत बसतं. प्रश्न तिपाईच्या पायांचा होता. वजन आलं की पाय फाकतात, म्हणून ते एकमेकांना साखळीने बांधतात. आमचे दोन पाय गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि एक बंपरच्या पुढे असणार होता. बाजूच्या दोन पायांमधली साखळी गाडीखालून आडवी गेली असती आणि गाडी मागे घेताना पुढचं चाक तिच्यावर चढलं असतं. चाकाने साखळी दाबली की पाय आत ओढला जातो, आणि वर इंजिन लटकतंय! मामा बघताक्षणी म्हणाले, "दादा, ही साखळी घालायची न्हाई. पाय जमिनीत घ्या." मग तीन ठिकाणच्या फरशा काढून वीतभर खोल खड्डे घेतले आणि प्रत्येक पाय त्यात उतरवून दगड-मुरूम ठासला. साखळ्या फक्त पुढच्या पायापासून बाजूच्या दोन पायांपर्यंत. माझ्या मते या कामातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच होता आणि तो मामांचा होता.

बाकी सोडवासोडव नेहमीची. बॅटरीची अर्थची वायर आधी. इंजिन गार असताना पाणी काढलं, मग रेडिएटर. बिजागऱ्यांभोवती खुणा करून बॉनेट दोघांनी उचललं. मागच्या टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये काढून कॅन अंगणाबाहेर ठेवला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते आणि दूरच्या ठिणगीलाही पोचते. म्हणून त्या दिवशी अंगणात ग्राइंडर नाही, विडी नाही, लोंबती बल्बची वायरही नाही. पंपाकडची नळी बोल्टने बुजवली. मुलीने प्रत्येक वायरला चिकटपट्टीची चिठ्ठी लावली आणि वहीत नोंद ठेवली. ४३ चिठ्ठ्या झाल्या.

सायलेन्सरच्या पाइपाचे नट तीन संध्याकाळी तेल पाजूनही एक स्टड तुटलाच. तो इंजिन बाहेर आल्यावर काढू, आत वाकून तिथे ड्रिल धरण्यात अर्थ नाही.

गिअरबॉक्स वेगळा काढायचा की इंजिनासकट? वेगळा काढायचा तर गाडीखाली पाठीवर झोपून तो छातीवर घ्यावा लागतो. घरी, लिफ्ट नसताना, हे मला मुळीच पटत नाही. आम्ही दोन्ही एकत्र काढले. त्यासाठी गिअरबॉक्सचं तेल आधी काढावं लागतं, कारण बाहेर येताना त्याची शेपटी खाली झुकते आणि तेल तिथून ओतू लागतं. शेपटीला प्लास्टिकची पिशवीही घट्ट बांधली. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत फिरणारा दांडा) सोडण्याआधी जोडाच्या दोन्ही चकत्यांवर पंचने खुणा केल्या, म्हणजे बसवताना बॅलन्स बिघडणार नाही.

उचलायला साखळी न घेता नायलॉनचे दोन पट्टे घेतले, एक पुढे आणि एक बेलहाउसिंगखाली, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेसारख्या भागाखाली. धारदार कडांवर जुन्या टायरचे तुकडे ठेवले. हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्यातल्या स्टडवर अख्खं वजन टांगायची माझी तयारी नव्हती. पट्ट्यांच्या कोनाकडे लक्ष द्या. दोन पट्टे उभ्या रेषेपासून प्रत्येकी ६० अंश फाकले, तर एकेका पट्ट्यावर अख्ख्या इंजिनाएवढा ताण येतो. ३० अंशांच्या आत ठेवले की तोच निम्म्याच्या थोडा वर राहतो. म्हणून पट्टे लांब घेतले आणि कप्पी उंच ठेवली.

पहिल्यांदा फक्त चार बोटं उचललं आणि थांबलो. पाच मिनिटं कुणी हात लावला नाही. तिपाईचे पाय आणि पट्टे सगळं पाहून घेतलं. तेव्हा कळलं, स्पीडोमीटरची केबल सोडायची राहिली होती. परत खाली घेतलं. दुसऱ्या वेळी इंजिन सरळ वर आलं, शेपटी खाली झुकवत पुढच्या पत्र्याच्या वर काढलं. मग गाडी मागून दोराने ओढली. पुढून ढकलायचं म्हटलं तर माणूस लटकत्या इंजिनाशेजारी उभा राहतो, म्हणून दोर. एकजण मागच्या चाकाशी ओट (चाक अडवायचा ठोकळा) घेऊन होता, हात गाडीखाली न घालता काठीने ओट सरकवत. सहा फूट मागे आल्यावर इंजिन जुन्या ट्रकच्या टायरवर उतरवलं. मामांनी कप्पीची साखळी सोडली आणि चहा मागितला.

आता ॲक्सल. इंजिन गेल्यावर गाडीचं नाक चार बोटं वर आलं. हा आकडा मोजून ठेवा, कारण गाडीच्या वजनाचा मध्य मागे गेला हे तो सांगतो. मागचे स्टँड पाट्याच्या पुढच्या कडीच्या अलीकडे लावावे लागतात. त्यामुळे ॲक्सल, टाकी, डिकी हे सगळं स्टँडच्या मागे लोंबतं. नाक हलकं आणि शेपूट जड, अशी गाडी मागे कलंडू शकते. म्हणून आधी स्टेपनी, मागचं सीट, मागचा बंपर आणि रिकामी टाकी काढली. पुढची चाकं आणि सस्पेन्शन जागेवर ठेवलं, तेवढंच पुढे वजन. डिकीच्या मजबूत पट्टीखाली लाकडी ठोकळ्यांची रास बोटभर फट ठेवून रचली. तिच्यावर भार नाही, पण गाडी बसलीच तर बोटभरच बसेल. हँडब्रेकवर विसंबायचं कारण नव्हतं, प्रोपेलर शाफ्ट निघालेला आणि मागची चाकं अधांतरी असताना त्याचा उपयोग नाही. स्टँडवर घेतल्यावर आम्ही तिघांनी गाडी चारही बाजूंनी जोर लावून हलवली. हलायचीच असेल तर ती मी खाली नसताना हलावी.

ब्रेकचे ड्रम काढताना हवेचा फवारा मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. मी मास्क लावून ओल्या फडक्याने पुसलं आणि फडकी पिशवीत बंद करून टाकली.

डिफरन्शियलखाली, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या फुगीर भागाखाली, ट्रॉली जॅक घेतला आणि पट्ट्याने बांधला, कारण ॲक्सल सुटला की त्याचं नाक खाली गरगर फिरतं. ब्रेकची नळी सोडून तोंड बंद केलं. शॉक ॲब्सॉर्बर सोडले. मग शॅकल, म्हणजे पाट्याचं मागचं टोक बॉडीला जोडणारी हलती कडी. इथे बहुतेकजण हातोडीने पिन ठोकत बसतात. पिन अडकते ती गंजाने कमी आणि ताणाने जास्त. जॅक जास्त वर असेल तर पाटा दबलेला असतो, खाली असेल तर ॲक्सलचं वजन पिनवर लटकतं. मी जॅक केसभर वर, केसभर खाली करत गेलो आणि दर वेळी पिन पान्याने फिरवून बघितली. एका जागी ती आपसूक फिरू लागली. उजवी पिन हाताने निघाली. डावीला तास गेला, पण एकदाही घण मारावा लागला नाही. मग पुढच्या कड्या, आणि दोन्ही बाजूंना एकेक माणूस घेऊन पाट्यांसकट ॲक्सल खाली, फळ्यांवर.

आता बघायला मिळालं ते असं. डाव्या पाट्याचं दुसरं पान तडकलंय. शॅकलचे चारही बुश अंडाकृती झालेत. इंजिनाच्या मागच्या रबरात नुसती भुकटी उरलीय. पाटे उद्यमनगरात, कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या भागात, देणार आहे, तिथे नवीन पान घालून कमान परत उठवून देतात. ब्लॉकही तिथेच बोअर मोजायला जाईल. मी घरी मोजलं तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचा वरचा भाग ६८.२ भरला. डाव्या पेटीचा पत्रा मात्र त्याआधी बदलावा लागेल, आणि ते वेल्डिंग होईपर्यंत मी या गाडीखाली जाणार नाही.