डाव्या मांडीची नोंद, आठवडा ११ : ९० अंशांवरची गाठ सुटली

मंडळी, काल संध्याकाळी काट्यावर ३०.२ किलो आले. डावा पाय, गुडघा ९० अंशांत (० म्हणजे सरळ पाय), तीन प्रयत्नांतला मधला आकडा. मोजणं असं : खुर्चीत बसायचं, घोट्याची पट्टी आणि खुर्चीमागचा हूक यांच्यामध्ये लटकता काटा अडकवायचा आणि पाय पुढे ढकलायचा, मांडीची ताकद किलोत दिसते. मधले पाच आठवडे हा पाय २४ वर रुतून बसला होता, हे मागच्या नोंदी वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच. काल मी आकडा दोनदा पुसून पुन्हा ओढून पाहिलं. दुसऱ्या फेरीतही २९.८.

ज्यांनी सुरुवात वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मे अखेरीस पहिल्या पावसात जांभ्याच्या पायरीवर घसरलो, गुडघ्याच्या वाटीला तडा गेला, पाच आठवडे सरळ पायाचं प्लॅस्टर. जुलैच्या सुरुवातीला ते निघालं तेव्हा वाटीच्या १५ सेंमी वर डाव्या मांडीचा घेर ५०.५ सेंमी आणि उजव्या मांडीचा ५४. आज डावी ५२ आहे. टेपवर माझा फारसा विश्वास नाही, कारण टेप स्नायूसोबत चरबी आणि सूजही मोजते. शिवाय घेरापेक्षा ताकद कितीतरी जास्त पडते. निरोगी तरुणांच्या पायाला मुद्दाम प्लॅस्टर घालून केलेला २०१४ चा एक अभ्यास आहे. त्यात १४ दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूचं छेदक्षेत्र ८.४ टक्के घटलं, पण ताकद जवळपास २३ टक्के. माझे ३५ दिवस झाले, आणि वय ५४. म्हणून काटा.

आता त्या पाच आठवड्यांबद्दल. स्क्वॉट (बैठका) वाढत होता, पायऱ्या चढता येत होत्या, चवथीला माटोळीखाली (गणपतीवर टांगतात ती फळापानांची चौकट) पाटावर मांडी घालून बसलो आणि हात न टेकता उठलो. (त्या क्षणी आरती चालू होती आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घरच्यांना ते भक्तीचं वाटलं. तेही होतंच.) पण काटा हलेना. २४.१, २३.८, २४.४. उजवा पाय त्याच जागी ४२. आधी स्क्वॉटचा संशय आला, म्हणून दोन पायांखाली दोन वजनकाटे ठेवून बसलो-उठलो. खाली जाताना डाव्यावर जेमतेम ३८ टक्के भार. म्हणजे वाढलेला स्क्वॉट उजव्याच्या जिवावर होता. ज्यांना एका पायाची दुखापत झाली आहे त्यांनी ही चाचणी आजच करा, घरातले दोन साधे काटे पुरतात.

त्यानंतर सगळं एका पायावर सुरू केलं. तरीही २४. आणि मग ऑगस्टच्या एका ओल्या संध्याकाळी अचानक २८.३! मी आनंदाने ग्रूपवर टाकलंही होतं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की मागच्या हुकाला बांधलेला नायलॉनचा पट्टा दमटपणात सैल पडला आहे. तो विकताना ‘अजिबात ताणत नाही’ असं वर्णन होतं. भार दिल्यावर तो सहा सेंमी ताणला. माझी नडगी गुडघ्यापासून घोट्याच्या पट्टीपर्यंत ३६ सेंमी, म्हणजे गुडघा साधारण दहा अंश उघडला. मी ९० ऐवजी ८० अंशांवर मोजत होतो. पट्टा काढून साखळी लावली, आकडा परत २४.

साखळीबद्दल इथेच सांगतो. पणजीजवळच्या मालीमच्या जेटीकडे ट्रॉलरचं सामान मिळतं, तिथून स्टेनलेस स्टीलची साखळी आणि दोन डी-शॅकल (साखळी जोडायच्या डी आकाराच्या कड्या) आणले. व्यायामाच्या सामानाच्या दुकानात मिळणाऱ्या कड्यांपेक्षा हे कितीतरी पक्कं, आणि खाऱ्या हवेसाठीच केलेलं. आपल्याकडे साधं लोखंड एका पावसाळ्यात तांबडं होतं. बॅगा तोलायचा ५० किलोचा काटाही घेऊ नका, उजव्या पायाने थोडा कोन बदलला की तो भरून जातो. ३०० किलोचा लटकता क्रेन काटा घ्या, ०.१ किलोपर्यंत दाखवणारा, आणि सर्वांत मोठा आकडा धरून ठेवणारं बटण असलेला.

तर, पट्ट्याने फसवलं खरं, पण दोन रात्री एकच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. दहा अंशांनी चार किलो? कोन बदलला की ताकद बदलते हे सर्वांना माहीत आहे, गुडघा साधारण ६०-७० अंशांत असताना मांडी सर्वांत जोरात ढकलते. पण उजव्याचा इतका फरक पडत नव्हता. म्हणून सहा कड्या सोडून दोन्ही पाय ६० अंशांवर मोजले. (कोन उघडला की मागचा हूकही खाली घ्यावा लागतो, नाहीतर ओढ नडगीला काटकोनात राहत नाही. कोनमापक प्लॅस्टिकचा साधा आहे, तो पुरतो.) उजवा ५१, डावा ३९. म्हणजे ६० अंशांवर डावा उजव्याच्या ७६ टक्के, आणि ९० अंशांवर फक्त ५७.

स्नायू सगळीकडे सारखा दुबळा असता तर दोन्हीकडे प्रमाण सारखं आलं असतं. माझा दुबळेपणा लांबीत आहे.

याचं उत्तर १९७२ च्या एका जुन्या प्रयोगात सापडलं. मांजरांच्या पोटरीतला सोलियस स्नायू आखूड स्थितीत चार आठवडे प्लॅस्टरमध्ये ठेवला, तर तंतूत एकापुढे एक जोडलेल्या सार्कोमिअरची संख्या ४० टक्क्यांनी घटली. लांब स्थितीत ठेवला तर उलट वाढली. सार्कोमिअर हा आकुंचनाचा सर्वांत छोटा डबा. तंतू म्हणजे अशा हजारो डब्यांची गाडी. डबे कमी झाले की तेवढंच अंतर गाठायला प्रत्येक डब्याला जास्त ताणावं लागतं, आतले अ‍ॅक्टिन-मायोसिनचे धागे एकमेकांपासून दूर सरकतात आणि पकड सुटते. माझा गुडघा पाच आठवडे सरळ होता, म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू पाच आठवडे आखूड. तो फक्त बारीक झाला नव्हता, तोकडाही झाला होता. आणि मी ‘दुखत नाही’ म्हणून सगळा व्यायाम अर्ध्या वाकण्यातच करत होतो. जिथे तो दुबळा होता तिथे मी त्याला कधी नेलंच नाही.

उपाय मग उघड होता, लांब स्थितीत काम. ९० ते १०० अंशांत साखळीविरुद्ध ३० सेकंद दाब, पाच वेळा. आणि हळू उतरणं, कारण भार घेऊन लांबताना स्नायूत नवे डबे जोडले जातात असं प्राण्यांत दिसलं आहे. पणजीतल्या मळा भागातल्या मारुती मंदिराच्या पायऱ्या त्यासाठी उत्तम. चढताना उजवा, उतरताना भार डाव्यावर, प्रत्येक पायरीला चार मोजायचे.

इथे मी चूक केली. तीन दिवस लागोपाठ उतरलो. चौथ्या सकाळी गुडघ्यात पाणी, काटा २७ वरून थेट २२. स्नायू तीन दिवसांत झिजला नव्हता. सांध्यात थोडंही पाणी साचलं की तिथून जाणारे संदेश पाठीच्या कण्यातच मांडीच्या चेतापेशींना आवर घालतात. तुम्ही कितीही जोर लावा, सगळे तंतू जागे होतच नाहीत. त्या दिवशी जास्त व्यायाम करणं म्हणजे बंद दारावर धडका.

तेव्हापासून नियम असा : सकाळी उठल्याबरोबर वाटीच्या मधोमध टेप. कालपेक्षा अर्धा सेंमी जास्त असेल तर पायऱ्या नाहीत, फक्त सायकल. उतरणं एक दिवसाआड. टेप इथे मात्र खरोखर उपयोगी, कारण इथे सूजच मोजायची आहे. तीन आठवड्यांत ९० अंशांवर ३०.२ आणि ६० अंशांवर ४१. प्रमाण ७२ आणि ८०. दरी बुजते आहे आणि नेमकी जिथे रुंद होती तिथे बुजते आहे, यासारखा आनंद या छंदात मला आजवर मिळाला नव्हता.

आईबद्दल विचारलं होतं तुमच्यापैकी काहींनी. ती ८३ ची, जुलैत छातीच्या कफामुळे आठ दिवस इस्पितळात पडून होती. खुर्चीतून पाच वेळा उठायला तिला १९ सेकंद लागत होते, वयाने होणाऱ्या स्नायूक्षयाच्या २०१९ च्या आशियाई निकषात १२ सेकंद गाठले की धोका धरला होता. माझं आणि तिचं दुखणं एक नाही. न वापरल्याने तंतू बारीक होतात पण जागेवर असतात. वयाने चेतापेशीच गळतात, त्यांच्यावरचे तंतू शेजारच्या चेतापेशीने दत्तक घेतले नाहीत तर कायमचे जातात, आणि आधी जातात ते जलद तंतू, झटकन उठायला लागणारे. तरी उरलेले वाढतात. १९९० मध्ये बोस्टनला नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांनी जड वजन उचलायला घेतलं आणि आठ आठवडे पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी पावणेदोनशे टक्क्यांनी वाढली होती. आईला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, ‘‘मग मला ती खुर्ची रोज दे की, वाचून काय दाखवतोस?’’ सध्या ती १६ सेकंदांवर आहे. सकाळच्या पाव-भाजीसोबत दोन अंडी सुरू केली आहेत, कारण उतारवयात एका वेळच्या जेवणात किलोमागे ०.४ ग्रॅम प्रथिनं लागतात, तरुणाला ०.२४ पुरतात. पावडरच्या डब्याची गरज मला वाटत नाही, दुपारी बांगडा असतोच.

पण हे लिहिताना आत्ता एक गोष्ट डोक्यात आली. आई १६ वर अडली आहे ती उठायच्या सुरुवातीला, बूड सुटेपर्यंत. मग उरलेलं ती सहज उठते. म्हणजे तिचाही अडसर खोल कोनातच! मी तिला एकाच खुर्चीवर बसवून वेळ मोजत राहिलो, माझ्यासारखाच एकच कोन. त्याऐवजी खुर्चीची उंची बदलायला हवी. ४५ सेंमीच्या खुर्चीवर घोंगडीच्या घड्या घालून ५३ करायचे, दर आठवड्याला एक घडी काढायची, आणि कुठल्या उंचीला हात टेकावा लागतो ते लिहायचं.

पुढच्या नोंदीसाठी माझा ११० अंशांचा बेत होता, तो बाजूला ठेवतो. टेप घेऊन आत जातो, आईची झोप झाली असेल.