तळघरातली गॅस शेगडी: थर्मोस्टॅट अखेर बसला

मंडळी, मागच्या नोंदीत खोली गरम करणारी ही शेगडी साफ करून पायलट (बर्नर पेटवणारी, सतत जळणारी छोटी ज्योत) पेटवला होता. आता थर्मोस्टॅटचं, म्हणजे खोलीच्या तापमानानुसार शेगडी चालू-बंद करणाऱ्या स्विचचं काम मार्गी लागलंय.

इथे मिनेसोटात हिमवादळात वीज गेली की फर्नेस (अख्खं घर तापवणारी भट्टी) बंद पडते, तिचा पंखाच विजेवर. शेगडीला बाहेरची वीज लागत नाही. पायलटच्या ज्योतीत बसलेला थर्मोपाइल (उष्णतेपासून वीज बनवणारा भाग) अर्धा-पाऊण व्होल्ट देतो आणि तेवढ्यावर गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. हा गुण जाऊ द्यायचा नाही, ही माझी पहिली अट. म्हणून वाय-फायवाले बहुतेक थर्मोस्टॅट बाद झाले, कारण त्यांना २४ व्होल्ट लागतात. मध्ये ट्रान्सफॉर्मर आणि रिले (विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) घालून जमतं, पण वीज गेली की तेही बंद. आणि २४ व्होल्ट चुकून थेट व्हॉल्व्हला लागले तर व्हॉल्व्ह जळू शकतो, हे विसरू नका.

आधी गॅरेजमधला जुना गोल थर्मोस्टॅट लावला. टिक वाजायचं, बर्नर पेटायचा नाही. व्हॉल्व्हवरची थर्मोस्टॅटची दोन टर्मिनलं तारेच्या तुकड्याने जोडली, तर लगेच पेटला! म्हणजे दोष वाटेत होता. मल्टिमीटर लावला: थर्मोपाइल ५३० मिलिव्होल्ट, ठणठणीत. पण वायर आणि थर्मोस्टॅट मिळून रोध ३.४ ओहम. निम्म्याहून जास्त वाटा ३५ फूट बारीक टेलिफोन वायरचा (२४ गेज, जाऊन-येऊन ७० फूट), उरलेला थर्मोस्टॅटच्या आत सर्किटातच असलेल्या अँटिसिपेटरच्या (बर्नर थोडा आधी बंद व्हावा म्हणून थर्मोस्टॅटला किंचित तापवणाऱ्या) तारेचा. २४ व्होल्टांना एवढा रोध जाणवतही नाही, अर्ध्या व्होल्टाला तो भिंतीसारखा.

मग १८ गेजची, म्हणजे जाड, नवी वायर ओढली. तिचा रोध अर्ध्या ओहमच्या आत आला. थर्मोस्टॅट साधा डिजिटल, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, आत रिलेचा कोरडा संपर्क, म्हणजे स्वतः वीज न देता फक्त दोन तारा जोडणारा स्विच. घेताना डब्यावर '७५० मिलिव्होल्ट' छापलंय ना, एवढं नक्की बघा. १२०/२४० व्होल्टचे बेसबोर्ड हीटरचे थर्मोस्टॅट दिसायला तसेच असतात, ते इथे चालत नाहीत.

काल रात्री घराचा मेन ब्रेकर दोन तास पाडून ठेवला. शेगडी तीनदा आपोआप पेटली आणि विझली. फार आनंद झाला.

थर्मोस्टॅट सध्या शेगडीच्या समोरच्या भिंतीवर आहे. त्याला थेट धग लागते आणि खोली तापायच्या आत तो बर्नर बंद करतो. शनिवारी जिन्याकडच्या आतल्या भिंतीवर हलवतोय.