बाणापासून आवाजापर्यंत

आम्ही दोघे भागीदार, वैद्यकीय विद्यार्थ्यांना एक्स-रे, सीटी वाचायला शिकवणारं साहित्य बनवतो. मी रेडिओग्राफर, तो ध्वनिमुद्रणातला. सुरुवातीचं काम साधं होतं. डॉक्टर शिक्षकांनी दिलेल्या एक्स-रेवर पिवळा बाण काढायचा, खाली दोन ओळी लिहायच्या, झाली स्लाइड. एका मॅडमनी अशाच स्लाइडवर बोट ठेवून विचारलं, "बाणाने उत्तर सांगितलं. शोधायचं कसं, ते मुलांना कोण सांगणार?"

मग आम्ही त्यांना केस वाचायला बसवलं आणि पडदा व आवाज एकत्र रेकॉर्ड केला. डोक्याचा सीटी होता. सीटीतल्या मूल्यांपैकी कोणता पट्टा करड्या छटांत दाखवायचा, ते विंडो ठरवते. मेंदूच्या नेहमीच्या विंडोत, म्हणजे रुंदी ८० आणि पातळी ४० ठेवली की, कवटी पांढरीशुभ्र दिसते आणि तिला चिकटलेला रक्तस्रावाचा पातळ थर त्या पांढऱ्यात हरवतो. मॅडम म्हणाल्या, "थांबा, मला इथे शंका येतेय." त्यांनी विंडो रुंद केली आणि थर हाडापासून वेगळा दिसू लागला. हा सगळा प्रकार काही सेकंदांचा, पण बाणाने तो दाखवताच आला नसता.

माझ्या भागीदाराने मात्र सवयीने ते "थांबा" आणि त्यानंतरची शांतता कापून टाकली. आवाज गुळगुळीत झाला आणि शंका गायब! सगळं परत जोडलं. निवेदनातली वाक्यं जशीच्या तशी पडद्यावर लिहिणंही बंद केलं, कारण चित्र पाहायचं सोडून डोळे अक्षरांकडेच जात.

सर्वांत मोठा फटका व्हिडिओ फाइल लहान करण्यात बसला. न्यूमोथोरॅक्सच्या, म्हणजे फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठल्याच्या, केसमध्ये फुप्फुसाच्या कडेची केसासारखी रेघच पुसली गेली. आम्ही फक्त मूळ फाइल तपासली होती. शिवाय १२ बिटांच्या सीटीत ४०९६ मूल्यं मावतात, साध्या ८ बिटांच्या व्हिडिओत करड्या रंगाच्या २५६ छटा. त्यामुळे व्हिडिओत विंडो बदलता येत नाही, शिक्षकाने बदललेली नुसती पाहता येते. आता प्रत्येक व्हिडिओसोबत त्याच केसच्या डायकॉम प्रतिमा, म्हणजे विंडो बदलता येणाऱ्या मूळ वैद्यकीय प्रतिमा, देतो. पाहून झालं की विद्यार्थ्याने स्वतः चाळायच्या.

डायकॉममधली रुग्णाची माहिती काढली की काम संपलं, असं आम्हाला वाटायचं. सोनोग्राफीत नाव चित्रातच छापलेलं असू शकतं, हे लवकर कळलं. बोलता बोलता एका डॉक्टरांनी रुग्णाचं आडनाव घेतलं होतं, ते शेवटच्या तपासणीत सापडलं. तेव्हापासून एकजण आवाज बंद करून पाहतो आणि दुसरा चित्र न पाहता ऐकतो.

डॉप्लरचा, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीचा, पहिला व्हिडिओ भागीदाराने अगदी स्वच्छ करून दिला. मागची फुसफुस काढली, म्हणाला. ती फुसफुस म्हणजे रक्तप्रवाहाचाच आवाज होता. धमनीचा ठोका आणि शिरेतली श्वासाबरोबर कमी-जास्त होणारी सळसळ, दोन्ही त्याने साफ केले होते. हल्ली डॉप्लरच्या फाइलला हात लावण्याआधी तो मला हाक मारतो.